मागची सीट नसलेली गाडी

मच्छिंद्र साबळे माझ्या दारात आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या आवारात एक गाडी लावू का? थोडे दिवस."

"कोणाची?"

"माझी," तो म्हणाला आणि स्वतःच बावरला.

चौसष्ट वर्षांचा माणूस. त्यातली चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेली. 'माझी' म्हणायची जिभेला सवयच नाही.

भोकरदनला आमची ओळख जुनी. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि तो राधेश्यामशेठच्या कापसाच्या जिनिंगवर ड्रायव्हर होता. शेठची मुलगी माझ्याकडे शिकवणीला यायची. तिला सोडून हा दोन-दोन तास बाहेर गाडीत बसून राहायचा. "आत ये, चहा घे" म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "गाडीपाशीच बरं हाय, मॅडम." मी निवृत्त झाले, नवरा गेला, त्यानंतर डॉक्टरकडे जालन्याला जायचं असलं की शेठना फोन करून मी मच्छिंद्रलाच बोलवायची. तो पुढे, मी मागे. त्याच्या मानेवर उजवीकडे तीळ आहे हे मला ठाऊक आहे. त्याच्या खोलीत बसायला खुर्ची आहे की नाही, हे मात्र अजून ठाऊक नाही.

गाडी आली ती ढकलत. बाजाराचा दिवस, रस्त्यात गर्दी, आणि चार-पाच माणसं हसत-ओरडत एक लाल, कमरेइतकी उंच, कापडी टपाची गाडी माझ्या फाटकातून आत लोटताहेत. एक जण म्हणाला, "काका, आता हिला बैल जुपा!" मच्छिंद्र स्टिअरिंगवर ताठ बसलेला. कान लाल.

ही गाडी मला माहीत होती. सगळ्या भोकरदनला माहीत होती. चाळिशीत काही माणसांना काहीतरी होतं. राधेश्यामशेठनी त्या वयात, पंचवीस वर्षांपूर्वी, ही घेतली. दोन दारं, दोन सीटा, बस्स. मागे सीट नाहीच. तीन वर्षांत शेठची कंबर धरली आणि गाडी जिनिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. पुढे ती बनवणारी कंपनीही बंद पडली. ज्या गाडीत शेठ स्वतः चालवणार आणि शेजारी शेठाणी बसणार, तिथे ड्रायव्हरचं काम काय? पुसायचं, आणि दर गुरुवारी सुरू करून बंद करायचं. पेट्रोल पंप ते जिनिंग, याच्यापुढे मच्छिंद्रनं ती कधी नेली नव्हती. गेल्या वर्षी शेठनी जिनिंग विकली, मुलांकडे पुण्याला गेले, आणि जाताना किल्ली याच्या हातात ठेवली. "तूच सांभाळलीस. तूच ठेव." कागदपत्रंही रीतसर नावावर करून दिली. मच्छिंद्रनं आरसी लॅमिनेट करून घेतली आणि शर्टाच्या खिशात ठेवायला लागला. हनुमान चालिसा ठेवतात तशी.

आता जिनिंगच्या नव्या मालकाला शेड रिकामी हवी होती, आणि तिथून माझ्या घरापर्यंतच्या चढावर गाडीनं मान टाकली. इंजिन गुरगुरतंय, गाडी जागची हलत नाही, करपल्याचा वास. क्लच प्लेट गेली.

क्लच प्लेट म्हणजे काय ते सांगते. सगळेजण गाडीत बसतात आणि कुणाला काही माहीत नसतं. इंजिन एका बाजूला फिरत असतं, चाकांकडे जाणारा दांडा दुसऱ्या बाजूला. मध्ये एक गोल थाळी. तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी घासणारं अस्तर, मधोमध दातेरी भोक. भोक दांड्याच्या दात्यांवर बसतं आणि अस्तर इंजिनच्या चाकाला चिकटतं. चिकटलं की गाडी चालते, पायानं क्लच दाबला की ते सुटतं आणि इंजिन एकटंच फिरत राहतं. अस्तर उडालं, की एकटंच.

पप्पू मेकॅनिक आला. याचं वय बावन्न आहे, केस गेलेत, तरी गावाला तो पप्पूच. त्यानं माझ्या आवारातच गिअरबॉक्स खाली उतरवला, प्लेट काढून ओट्यावर ठेवली. काळी, तेलकट, चिरा पडलेली. म्हणाला, "काका, ही दुकानात दाखवा. हिच्या मापाची जी भेटंल ती आणा. कंपनीची तर आता भेटत न्हाई."

"भेटंल," मच्छिंद्र म्हणाला.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रद्दी दिली. तौफिक भंगारवाला दर महिन्याला येतो. वर्तमानपत्रं, फुटकी बादली, आणि ओट्यावर पडलेली ती काळी थाळी. मला पसारा खपत नाही. उचलली आणि दिली. मच्छिंद्र दुपारी पिशवी घेऊन आला, ओट्यावर बघितलं, ओट्याखाली बघितलं, गाडीखाली वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी तौफिकला फोन लावला. "मॅडम, तो माल तर सकाळीच जालन्याच्या ट्रकात चढला," तो म्हणाला. "तिथं भट्टीत जातो. आतापर्यंत सळई झाली असंल."

"झाली नसेल. विचार."

"मॅडम, ट्रकात नऊ टन माल हाय. त्यात थाळी कुठं शोधू?"

मी फोन ठेवला. चूक माझी होती आणि मी तसं म्हटलं. मच्छिंद्र म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, जुनीच व्हती." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं मागच्या सीटवरून येणारं सगळं ऐकून घेतलेल्या माणसाला ओरडता येत नाही. तो पिशवी घडी करत उभा राहिला.

"एवढी कसली घाई आहे तुला हिची?" मी चिडून विचारलं. चूक आपली असली की माणूस चिडतो. "जायचंय कुठं?"

"कुंभार पिंपळगावला."



कुंभार पिंपळगावला त्याची बायको असते. दैवशाला. भावाच्या घरी. एकवीस वर्षं झाली. काडीमोड नाही, कोर्ट नाही, मारझोड नव्हती, दारू नव्हती. मूल नव्हतं, पण त्यावरूनही भांडण नव्हतं. हा माणूस घरीच नसायचा, एवढंच. शेठाणीला तुळजापूरला ने, शेठच्या पाहुण्यांना वेरूळ दाखव, लग्नं, बारशी, दवाखाने. दैवशाला टेंभुर्णीच्या त्याच्या घरात एकटी बसायची. एकदा तिला स्वतःला ताप होता आणि ती एसटीनं उभी राहून भोकरदनच्या दवाखान्यात आली. दवाखान्याच्या दारात हा शेठच्या पाहुण्यांसाठी गाडीचं दार उघडून उभा. त्या आठवड्यात ती माहेरी गेली. हा आणायला गेला तर म्हणाली, "अख्ख्या जिल्ह्याच्या बायका तुमच्या गाडीत बसल्या, मी सोडून. स्वतःच्या गाडीत न्यायला या, मंग बघू."

बायका रागात बोलतात. ती म्हणाली ते न येण्यासाठी म्हणाली. पण मच्छिंद्र ड्रायव्हर माणूस. कुठं, कधी, कोणत्या गाडीनं, एवढं सांगितलं की तो पुढचं विचारत नाही. एकवीस वर्षं तो दिवाळीला तिथे साडी पाठवत होता आणि स्वतः जात नव्हता. गाडी नव्हती ना.

"मच्छिंद्र," मी म्हटलं, "एकवीस वर्षांपूर्वीचं बोलणं आहे ते. टॅक्सी कर, जा, भेट. नाहीतर एसटीनं जा."

"टॅक्सी माझी कुठं हाय?"

"ती आता साठीची झाली असेल. तिला आठवतही नसेल."

"मला आठवून राह्यलं ना," तो म्हणाला.



जुनी प्लेट गेली, म्हणजे माप दांड्यावरून घ्यायचं. मी म्हटलं, माझ्याकडे बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर आहे, घेऊन जा. स्टीलचा, जपानी, निवृत्त होताना विद्यार्थ्यांनी दिलेला. तो हात मागे घेत म्हणाला, "न्हाई मॅडम, इतकी बारीक चीज माझ्याच्यानं हरवायची." आणि माझ्या स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा मागून घेतला. किल्ल्या बनवणारे साबणावर छाप घेतात, तसा यानं गिअरबॉक्सच्या दांड्यावर कणीक दाबली, अलगद ओढून काढली. मधोमध दातेरी भोक, अगदी सुबक. स्टीलच्या डब्यात ठेवली आणि दुपारच्या एसटीनं जालन्याला गेला. महिना मे.

संध्याकाळी नवी प्लेट घेऊन आला. चेहरा असा, की मी चहाला साखर जास्त घातली. दुसऱ्या दिवशी पप्पूनं प्लेट दांड्यावर लावली. जाईना. फिरवून बघितली, तेल लावून बघितली. जाईना.

"काका, भोक लहान हाय."

"दुकानदारानं छाप्यावर ठेवून बघितली. बराबर बसत व्हती."

मी डबा मागवला. कणीक दगडासारखी झाली होती. वाळल्यावर सगळंच आकसतं. रिंगण लहान होतं तसं आतलं भोकही लहान होतं. अकरावीचं पोरही हे सांगेल. नाही, खोटं कशाला बोलू, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना सांगता आलं नसतं. मी दोघांना ते समजावून सांगितलं, पाच मिनिटं. पप्पू म्हणाला, "मॅडम, परीक्षेला येणारे का हे?"

मी व्हर्नियर काढला आणि खुर्ची गाडीशेजारी ओढली. दांड्याचे दाते मोजले: वीस. जाडी मोजली, तीन वेळा, तीन ठिकाणी. इंजिनच्या चाकावर जुन्या अस्तरानं घासून चकचकीत पट्टा पडला होता, त्यावरून घेर मोजला. मधलं भोक किती आत जातं तेही लागतं, असं पप्पू म्हणाला. व्हर्नियरच्या शेपटीतून बाहेर येणारी बारीक पट्टी खोली मोजायला असते, हे मी तीस वर्षं पोरांना सांगितलं. मोजण्यासारखी खोली पहिल्यांदा मिळाली.

"उद्या मी येते जालन्याला," मी म्हटलं.

"तुम्ही कशाला, मॅडम, उन्हाचं..."

"थाळी कुणी भंगारात दिली?"



सकाळच्या एसटीत गर्दी नव्हती. मी खिडकीशी बसले. शेजारची जागा रिकामी. मच्छिंद्रनं माझी पिशवी वर ठेवली आणि माझ्या पुढच्या सीटवर जाऊन बसला, उजव्या हाताला. मी त्याला हाक मारणार होते, पण त्याला कळलंच नव्हतं की आपण काय केलं. जालन्यापर्यंत मी त्याच्या मानेवरचा तीळ बघत गेले. राजूरला बस थांबली तेव्हा तो मागे न वळता म्हणाला, "मॅडम, या गाडीत एक गोष्ट चांगली हाय."

"कोणती? लाल रंग?"

"मागं सीटच न्हाई. बसणाऱ्याला शेजारीच बसावं लागतं." मग म्हणाला, "चाळीस वर्षांत माझ्या शेजारी कोणी बसलं न्हाई. सामान ठेवलं, टिफिन ठेवले, एकदा शेठचं कुत्रं बसलं. माणूस न्हाई."

जालन्यात तीन दुकानं झाली. तिन्हीकडे पहिला प्रश्न एकच: "गाडी कोणती?" नाव सांगितलं की हसू. एक पोरसवदा मालक मोबाईलमध्ये बघून म्हणाला, "आजी, ही तर शोकेसमध्ये ठेवायची गाडी." मी म्हटलं, "तू दात्यांचं बोल. वीस दाते, आणि हे माप." कागदावर लिहिलेलं माप त्यानं असं बघितलं, जसं मी त्याला उखाणा घातला होता. चौथ्या दुकानातल्या माणसानं मात्र हात झटकून सांगितलं, "अजमत मिस्त्रीकडे जा. तो म्हणाला न्हाई, तर मंग न्हाईच."

अजमत मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक शटर आणि आत तीन भिंती. तिन्ही भिंतींवर खिळे, खिळ्यांवर क्लच प्लेटा. ट्रॅक्टरच्या, टेम्पोच्या, जीपच्या, परातीएवढ्या मोठ्या आणि बशीएवढ्या लहान. खाली पोत्यावर बसून हा म्हातारा जुन्या अस्तराचे रिव्हेट ठोकून काढत होता. दाढी पांढरी, बोटं काळी. मच्छिंद्र गाडीचं नाव सांगायला लागला तर त्यानं हातोडी वर केली.

"नाम मत बोलो. नाव ऐकलं की माणूस बहकतो. घेर बोला."

मी घेर सांगितला.

"दाते?"

"वीस."

"दांड्याची जाडी?"

मी मिलिमीटरमध्ये सांगितली, दशांशासकट. त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. "बेंबी किती आत?" मधल्या दातेरी भोकाच्या नळीला, म्हणजे हबला, तो बेंबी म्हणतो. मी तेही सांगितलं.

"बाई शिकलेल्या दिसतात," तो मच्छिंद्रला म्हणाला.

"मॅडम हायेत," मच्छिंद्र म्हणाला. "फिजिक्सच्या."

"तरीच. न्हाई तर लोक माझ्याकडं काय काय आणतात! एक जण कागदावर पेन्सिलीनं गोल काढून घेऊन आल्ता. एक तर सायकलच्या चाकाचा आरा घेऊन आल्ता. अभी तक कोई आटा नहीं लाया, इतना शुकर."

मच्छिंद्रनं माझ्याकडे बघितलं. मी व्हर्नियर पुसायला घेतला. सगळंच सांगायचं नसतं.

म्हातारा उठला आणि भिंतीपाशी गेला. हात लावून, डोळे अर्धे मिटून, एकेक प्लेट चाचपत. अर्धा तास गेला. शेवटी दोन घेऊन आला. एक जुन्या छोट्या मोटारीची, घेर नेमका, पण मधले दाते वेगळे. दुसरी मालवाहू रिक्षाची, घेर लहान, पण दाते वीस, जाडी नेमकी. माझा व्हर्नियर घेऊन त्यानं स्वतः मोजलं, मग मला मोजायला लावलं.

"एकीचं धड घेतो, दुसरीची बेंबी. नवीन अस्तर. चालंल, बिलकुल चालंल. पण एक बोला, माप शर्यतीच्या गाडीचं दिसतं, आणि चालवणार काका. जोर लावणार का हळू?"

"हळू," मच्छिंद्र म्हणाला. "बायकोला आणायचंय."

अजमत मिस्त्रीनं हातोडी खाली ठेवली. "कुठून?"

"तिच्या भावाच्या घरून. एकवीस वर्षं झाली."

 म्हाताऱ्यानं दोन प्लेटा पोत्यावर ठेवल्या, एक रिव्हेट उचलला, पुन्हा ठेवला आणि दुसरा, जाडसर, डब्यातून शोधून काढला. "मंग हे लावतो," तो म्हणाला. "हे सुटत न्हाई."

तीन तास आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्यानं एकेक रिव्हेट ठोकला, प्लेट एका दांड्यावर लावून फिरवली, डगमगते का बघितलं, पुन्हा काढली, पुन्हा ठोकली. शेवटी पांढऱ्या रंगानं एका बाजूवर मोठं लिहिलं: इंजिनकडे. "उलटी बसवली तर क्लच सुटणारच न्हाई," म्हणाला. "घर तक जाके भी उतर नहीं सकोगे." आणि स्वतःच हसला.

ती प्लेट दांड्यावर गेली ती अशी, की पप्पूच्या तोंडून शिवी निघाली. कौतुकाची. मी त्याला रागावले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी मच्छिंद्र निघाला. पांढरा शर्ट, नवी चप्पल. गाडीला पाणी मारलं, शेजारची सीट कोरड्या फडक्यानं पुसली, मग पुन्हा पुसली. मी फाटकात उभी होते. बरोबर जाता आलं असतं तर गेले असते, माझा स्वभाव तसाच आहे. पण जागा एकच होती आणि ती माझी नव्हती. गिअर टाकला, पाय हळूच उचलला. गाडी लोण्यासारखी पुढे सरकली. वळणावर त्यानं सवयीनं आरशात बघितलं.

पुढचं मला त्यानंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, तेही मी विचारून विचारून. हा माणूस सलग चार वाक्यं बोलत नाही.

जालना, अंबड, घनसावंगी, कुठेही अडचण आली नाही. पिंपळगावात शिरल्यावर लोक बघायला लागले. दैवशालाच्या भावाच्या घरासमोर गाडी उभी केली. भाऊ तीन वर्षांपूर्वी वारला, हे त्याला माहीत होतं. भावजयीला अर्धांगवायू झालाय, हे माहीत नव्हतं. दैवशाला हात पुसत बाहेर आली. केस सगळे पांढरे. गाडीकडे बघितलं, मग याच्याकडे.

"कोणाची?"

यानं खिशातून आरसी काढून दाखवली. तिनं वाचली. नाव, पत्ता, सगळं, बोट फिरवत. तिला वाचता येतं.

"तुमचीच हाय की," ती म्हणाली.

"न्यायला आल्तो," हा म्हणाला.

"आणि तिला आठवत होतं?" मी विचारलं.

"शब्दन् शब्द, मॅडम."

ती म्हणाली, जरा चक्कर तर मारू. पदर खोचला, वाकून बसली. यानं बाहेरून दार लावलं आणि आपल्या बाजूला येऊन बसला. गावाबाहेर, फाट्यापर्यंत गेले. एवढ्या वाटेत दोघं काय बोलले? मी तीनदा विचारलं. काही नाही.

"का रे बाबा? एकवीस वर्षं झाली ना?"

"आरशात दिसंना," तो म्हणाला. "सवय हाय ना, मॅडम. मागं कोण बसलंय, झोपलंय का, रडून राह्यलंय का, आरशात दिसतं. हिच्यात आरशात नुसता रस्ता. वळून बघावं तर गाडी कशी चालवायची? मी समोर बघत गेलो. ती बी समोरच बघत व्हती, बहुतेक."

फाट्यावर गाडी वळवताना मात्र त्यानं बघितलं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ती शांत बसली होती. चांगली बसली होती, असं तो म्हणाला. याहून जास्त त्याला सांगता आलं नाही.

घरासमोर परत आल्यावर ती उतरली नाही लगेच. आत भावजय हाका मारत होती, शब्द कळत नव्हते, नुसता आवाज. दैवशालानं मान वळवून सीटच्या मागे बघितलं. तिथे पत्रा आणि स्टेपनी.

"मागं सीट असती," ती म्हणाली, "तर वैनीला घेऊन आले असते. तिला टाकून कशी येऊ? तिला उठवायला, बसवायला मीच."

मग उतरली. त्याला भाकरी वाढली, ठेचा, ताक. निघताना म्हणाली, "बरी हाय गाडी. हळू जा."

एवढंच.

मी ऐकलं आणि माझं डोकं लगेच चालायला लागलं. रिकामी बसायची मला सवय नाही. "अरे मग सोपं आहे," मी म्हटलं. "ही वीक. शोकेसमध्ये ठेवणारे पुष्कळ आहेत. एखादी जुनी व्हॅन घे. मागची सीट आडवी होते, वहिनीला झोपवून आणता येईल. टेंभुर्णीचं घर आहेच. दोघींना घेऊन ये!"

मच्छिंद्र गाडीचं बॉनेट पुसायला लागला.

"वैनीला मागं झोपवलं की तिला धरायला कोणीतरी लागंल," तो म्हणाला. "मंग दैवशाला बी मागंच बसंल. तिच्यापाशी."

फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पुसायला लागला.

मी तरीही व्हॅनचं सोडलं नाही. अजून सोडलेलं नाही. पप्पूला सांगून ठेवलंय, एक-दोन बघूनही झाल्या. मच्छिंद्र नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. "बघू, मॅडम," म्हणतो. मध्ये त्यानं पिंपळगावला एक चाकाची खुर्ची पोचवली, एसटीच्या टपावर टाकून. गाडीत मावत नव्हती.

लाल गाडी माझ्या आवारातच आहे. अजमत मिस्त्रीनं बजावलं होतं, उभी गाडी पावसाळ्यात ओल धरते आणि प्लेट गंजून चिकटून बसते, मग क्लच सुटत नाही. आठवड्यातून एकदा दाबत राहायचा. म्हणून मच्छिंद्र दर गुरुवारी चारच्या सुमाराला येतो. ताडपत्री काढतो, इंजिन सुरू करतो, क्लच दाबतो, सोडतो, दाबतो, सोडतो. अर्धा तास. पहिल्या गुरुवारी त्यानं डावीकडचं दार उघडून धरलं आणि म्हणाला, "बसा ना, मॅडम." मी प्रयत्न केला. इतक्या खाली बसायचं म्हणजे माझ्या गुडघ्यांचं काम नाही. एक पाय आत गेला, बाकीची मी बाहेरच राहिले. दोघांनी मिळून तो पाय परत बाहेर काढला.

आता मी ओट्यावरची वेताची खुर्ची आणते आणि गाडीच्या डाव्या दाराला लागून ठेवते. तो आत, मी बाहेर, मध्ये उघडं दार. दोघंही समोर बघतो. समोर माझ्या फाटकाचा गज आणि पलीकडे रस्ता. गेल्या गुरुवारी मी म्हटलं, "पप्पू म्हणतो, सिल्लोडला एक व्हॅन आलीय. चांगली आहे."

"मागं किती सीटा?" त्यानं विचारलं.

त्यानं आधी कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यानं मान हलवली, क्लच दाबला आणि बराच वेळ दाबूनच धरला.